नवा क्लच टाकला तरी गाडी पुन्हा घसरते : आधी काय तपासायचं, मग कोणता सेट आणि फ्लायव्हील घ्यायचं

क्लच सेट बदलला, पैसे मोजले, आणि सहा-आठ महिन्यांत गाडी पुन्हा तेच रडगाणं गायला लागली, तर दोष सहसा नव्या प्लेटचा नसतो. आधीची प्लेट ज्या कारणानं गेली, ते कारण आत तसंच बसलेलं असतं. नागपुरातल्या माझ्या गॅरेजला अशा गाड्या नेहमी येतात. बुटीबोरी, हिंगणा, मिहान अशा ठिकाणी रोज ड्युटीला जाणाऱ्यांच्या जास्त. "भाऊ, आत्ताच तर टाकला होता क्लच, पुन्हा घसरून राहिली न गाडी," हे वाक्य पाठ झालंय.

म्हणून क्रमानं सांगतो. आधी लक्षणं, मग फुकटात होणाऱ्या तपासण्या, मग थोड्या पैशांच्या, आणि शेवटी गिअरबॉक्स खाली घेतल्यावरच्या. गिअरबॉक्स उतरवणं हा या कामातला सगळ्यात महाग भाग आहे. तो एकदाच व्हावा, एवढ्यासाठी हा खटाटोप. आणि नावं आधी कळू द्या : इंजिनसोबत फिरणारी जड चकती म्हणजे फ्लायव्हील. पेडल सोडलं की प्रेशर प्लेट क्लचची प्लेट तिच्यावर दाबून धरते आणि इंजिनचा जोर गिअरबॉक्सला जातो; पेडल दाबलं की ही पकड सुटते.

लक्षणं कशी ओळखायची

घसरणं : ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं, आरपीएमचा काटा वर जातो, पण गाडी त्या मानानं पुढे जात नाही. सुरुवातीला हे फक्त चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये किंवा पुलाच्या चढावर जाणवतं, कारण तिथे क्लचवर सगळ्यात जास्त जोर येतो. पहिल्या गिअरमध्ये घसरायला लागली म्हणजे उशीर झालाय.

पूर्ण न सुटणं : पेडल तळाला टेकवलं तरी गिअर कडक पडतो, रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज येतो. सकाळी ठीक आणि दुपारी सिग्नलच्या गर्दीत त्रास, असंही होतं.

थरथर : गाडी जागेवरून उचलताना, खास करून रिव्हर्समध्ये, अख्खी बॉडी हादरते. एकदा वेग घेतला की सगळं गुपचूप.

आवाज : पेडल दाबल्यावर घरघर येते की पेडल सोडल्यावर, हे नीट ऐका. या एका फरकावर पुढचा बराच निकाल लागतो.

याशिवाय जळका वास, दिवसेंदिवस जड होत जाणारं पेडल, आणि गाडी उचलण्याची जागा पेडलच्या अगदी वरच्या टोकाला येणं. प्लेटची लाइनिंग, म्हणजे तिच्यावरचा घर्षणाचा थर, झिजत जाते तशी प्रेशर प्लेटच्या डायफ्राम स्प्रिंगची बोटं गिअरबॉक्सकडे सरकतात आणि पेडल जास्त जोर मागतं. म्हणून जड पेडल आणि वर आलेली पकड ही जोडी एकत्र दिसली तर लाइनिंग संपत आल्याचा संशय घ्यायला हरकत नाही. नुसतं पेडल जड आणि बाकी सगळं ठीक असेल, तर आधी केबल.

एक गफलत नेहमी होते. गाडी ओढत नाही म्हणजे क्लच गेला, असं धरून लोक येतात. आरपीएम चढतोय आणि वेग चढत नाही, तरच ते घसरणं. आरपीएमच चढत नसेल तर क्लच बिचारा नीट काम करतोय; एअर फिल्टर, इंधनाचा दाब, टर्बोचा पाइप किंवा अडकलेला ब्रेक पाहा. ब्रेकची शंका असेल तर दहा-पंधरा किलोमीटर चालवून थांबा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न लावता नुसता नेऊन बघा. एकच चाक तापलेलं असेल तर चोर तिथे आहे.

फुकटातल्या तपासण्या

पहिली तपासणी इतकी साधी आहे की लोक हसतात : पायाखालची मॅट. सेव्हन डी मॅट, तिच्यावर पावसाळ्यात टाकलेली रबरी मॅट, आणि त्यावर एखादं जुनं पायपुसणं. पेडल तळापर्यंत पोहोचतच नाही, क्लच पूर्ण सुटत नाही, आणि रिव्हर्स खरखरतो. सगळ्या मॅट बाहेर काढा आणि मग गिअर टाकून बघा. याच दोषासाठी दुसरीकडे गिअरबॉक्स खाली घ्यायची तारीख ठरलेल्या गाड्या इथून मॅट काढून परत गेल्यात.

मग पेडलचा फ्री प्ले, म्हणजे सुरुवातीचा मोकळा प्रवास. केबलच्या गाडीत, म्हणजे अल्टो, वॅगनआर अशा गाड्यांत, हातानं पेडल दाबून बघा. सुरुवातीचा थोडा प्रवास अगदी हलका असायला हवा, साधारण दीड ते अडीच सेंटीमीटर. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. हा मोकळेपणा का लागतो? तो नसेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर डायफ्रामला रेटून क्लच सोडवणारं बेअरिंग) कायम डायफ्रामला रेटत राहतं, म्हणजे तुम्ही पेडल सोडलेलं असूनही क्लच किंचित दाबलेलाच असतो. तो घसरतो, तापतो, झिजतो. लाइनिंग झिजली की हा फ्री प्ले आपोआप कमी होत जातो आणि तो कोणी पुन्हा लावून देत नाही. नव्या प्लेटचे पहिले चार महिने बरे जातात आणि मग पुन्हा घसरण सुरू होते, त्यातल्या बऱ्याच गाड्यांचं मूळ एवढंच असतं. उलट फ्री प्ले फार जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. केबलच्या टोकाचा नट फिरवून हे जमतं; बहुतेक गाड्यांत दहा मिनिटांचं काम.

हायड्रॉलिक गाडीत, म्हणजे केबलऐवजी फ्लुइडच्या दाबावर क्लच चालतो तिथे, असं लावून द्यायचं सहसा काही नसतं. तिथे बोनेट उघडून फ्लुइडची पातळी पाहा. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचचा डबा एकच असतो, त्यामुळे पातळी खाली गेली असेल तर ती नुसती भरून गप्प बसू नका. कुठून तरी गळतंय, आणि तेच फ्लुइड तुमच्या ब्रेकलाही लागतं. रंगही पाहा. काळपट, गढूळ झालेलं फ्लुइड म्हणजे पाणी धरलेलं. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो : डॉट ४ या प्रतीच्या फ्लुइडचं प्रमाण कोरडं असताना किमान २३० अंश, पाणी धरल्यावर १५५. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, बोनेटखालची भट्टी वेगळी, आणि व्हेरायटी चौकात पेडल दाबून उभी गाडी. अशा वेळी पेडल मऊ पडतं आणि संध्याकाळी थंड झाल्यावर पुन्हा ठीक. फ्लुइड दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, हे बहुतेकांना ब्रेकच्या कामाला आल्यावरच कळतं.

पेडल तीन-चार वेळा भराभर पंप करून मग गिअर टाका. आता गिअर लोण्यासारखा पडला, तर प्लेटला हात लावू नका. लाइनमध्ये हवा आहे किंवा सिलिंडर आतल्या आत गळतोय. पेडलच्या वर, जिथे रॉड मास्टर सिलिंडरमध्ये (पेडलच्या जोरानं फ्लुइड ढकलणारा) शिरतो तिथे बोट फिरवा. ओलं, निसरडं लागलं तर मास्टर गेला. गिअरबॉक्सकडचा, क्लच दाबणारा स्लेव्ह सिलिंडर बाहेर असेल तर त्याचं रबर उचलून बघा.

रस्त्यावरच्या दोन चाचण्या

घसरतंय की नाही हे पाहायला मोकळा, सपाट रस्ता लागतो. भल्या सकाळी आउटर रिंग रोडचा रिकामा पट्टा चालेल, अजनी पुलावर हा प्रयोग करू नका. चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या आसपास चाला आणि ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबा. काटा आणि वेग सोबत, हळूहळू वर गेले तर क्लच धरतोय. काटा उडी मारून वर गेला आणि वेग मागे राहिला, तर घसरतोय. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायची आणि इंजिन बंद पडतं का बघायची जुनी पद्धतही आहे. ती एकदाच करा. पाच-सहा वेळा करून खात्री करून घेणारे लोक बरी प्लेटही जाळून बसतात.

दुसरी चाचणी रिव्हर्सची. इंजिन चालू, न्यूट्रल, पेडल पूर्ण दाबा, पाच सेकंद मोजा आणि मग रिव्हर्स टाका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर (गिअरांचा वेग आधी जुळवून घेणारा भाग) नसतो, त्यामुळे प्लेट अजून फिरत असेल तर हा गिअर लगेच खरखरून सांगतो. पाच सेकंदांनीही खरखरलं तर क्लच पूर्ण सुटत नाही हे पक्कं.

आवाजाचा हिशोब असा : पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. पेडल सोडलेलं असताना आवाज आणि दाबल्यावर बंद, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. दुसऱ्या प्रकारात नवा क्लच सेट टाकून काडीचाही फरक पडत नाही. आयडलला डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट आणि पेडल दाबल्यावर तो बदलतो, तर प्लेटच्या डॅम्पर स्प्रिंगा सैल झाल्यात किंवा, मोठ्या डिझेल गाडीत, ड्युअल मास फ्लायव्हील. त्यावर पुढे बोलतो.

थोड्या पैशांच्या तपासण्या

केबल आधी बदला. शेकड्यात येते. आतले तार एकेक तुटत जातात, बाहेरून काही दिसत नाही, आणि पेडल जड होत जातं. एक दिवस ती भर चौकात तुटते. पेडल जड असेल आणि केबल मूळचीच असेल, तर क्लच सेटची बोलणी करण्याआधी केबल टाकून बघण्यात काही नुकसान नाही.

थरथरीच्या तक्रारीत इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरी टेकूंवर बसतं ते, पाहिल्याशिवाय गिअरबॉक्सला पाना लावू नये. बोनेट उघडं, एक माणूस आत, ब्रेक घट्ट दाबलेला. पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायचा, मग रिव्हर्समध्ये तसंच. दुसऱ्यानं गाडीच्या समोर नाही, बाजूला उभं राहून इंजिन बघायचं. थोडंसं कलणं ठीक. इंजिन उडी मारत असेल तर माउंटिंगचं रबर फाटलंय. आपल्याकडच्या उन्हात रबर लवकर कडक होतं आणि चिरतं. एक माउंटिंग बदलून थरथर गेलेल्या गाड्या खूप आहेत. आणि नवी प्लेट टाकली तरी थरथर तशीच राहिलेल्याही, कारण माउंटिंग कोणी पाहिलंच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी, आणि हिला फक्त टॉर्च लागते. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या बेल हाउसिंगच्या तळाशी एक भोक किंवा फट असते. गाडी पिटवर किंवा लिफ्टवर घेऊन तिथे बोट लावा. कोरडी काळी भुकटी आली तर ती लाइनिंगची झीज, समजण्यासारखी आहे. ओलं लागलं तर तिथेच थांबा आणि बोट नाकाशी न्या. गिअर ऑइलला उग्र, गंधकासारखा वास असतो. तो आला तर इनपुट शाफ्टचं सील. काळं, पातळ, बोनेटखाली नेहमी येतो तो वास असेल तर क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याचं, मागचं सील. आणि पाण्यासारखं, निसरडं, जवळजवळ बिनवासाचं असेल तर ब्रेक फ्लुइड, म्हणजे आतल्या बाजूला बसणारा स्लेव्ह सिलिंडर गळतोय.

वर्षाच्या आत पुन्हा क्लच मागणाऱ्या गाडीत मी पहिला संशय याच तेलावर घेतो. मानेवाड्याहून रोज बुटीबोरीला जाणाऱ्या एका गाडीत दर वेळी प्लेट बदलली गेली होती, दर वेळी वेगळ्या गॅरेजात. प्रत्येकानं काळी, चकाकती प्लेट काढली, "जळाली" म्हटलं आणि नवी घातली. ती जळालेली नव्हती, भिजलेली होती. लाइनिंगच्या कडेला तेलाचा तपकिरी पट्टा स्पष्ट दिसत होता, आणि फ्लायव्हीलच्या मागे क्रँक सीलखाली ओघळ. सील काही शेकड्यांचं. ते टाकल्यावर पुढचा क्लच मागायला तो माणूस अजून आलेला नाही, ऑइल बदलायला येतो.

इथे थांबा

यापुढचं काम घरी करू नका. गिअरबॉक्स जड असतो, तो उतरवायला ट्रान्समिशन जॅक आणि लिफ्ट लागते. स्क्रूजॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही, कधीही शिरू नये. इंटरनेटवरचा व्हिडिओ बघून लगेच पाने काढणाऱ्यांना हे खास सांगतोय. बेल हाउसिंगमधली भुकटी तोंडानं किंवा कॉम्प्रेसरनं फुंकू नका. जुन्या लाइनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसायची.

गाडी चालवणंही थांबवायची वेळ कोणती? पेडल खाली गेलं आणि वर आलं नाही, डब्यातलं फ्लुइड संपतंय, जळका वास आणि धूर येतोय, किंवा आतून धातूवर धातू घासल्यासारखा, मोडल्यासारखा आवाज येतोय, तर टोइंगवाल्याला फोन करा. "गॅरेज जवळच आहे न" म्हणून ओढत आणलेल्या गाडीत प्लेटचे रिव्हेट फ्लायव्हीलमध्ये खोल चर पाडून ठेवतात आणि फेसिंगवर, म्हणजे फ्लायव्हील घासून सपाट करण्यावर, भागणारं काम नव्या फ्लायव्हीलवर जातं.

एएमटी (क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी) आणि ऑटोमॅटिक गाड्यांचा तर विषयच वेगळा. एएमटीत क्लच दाबायचं काम ॲक्चुएटर करतो, आणि नवी प्लेट टाकल्यावर तिची पकड कुठे सुरू होते हे स्कॅनर लावून कंट्रोलरला शिकवावं लागतं. स्कॅनर नसलेल्या गॅरेजात हे काम देऊ नका, मग ते कितीही ओळखीचं असो.

पाण्यात बुडालेली गाडी

हा नागपूरकरांसाठी वेगळा मुद्दा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत गाड्या पाण्यात गेल्या. इंजिन, सीट, वायरिंग सगळ्याची दुरुस्ती झाली, पण बेल हाउसिंगच्या भोकातून पाणी आत गेलं हे पुष्कळांच्या लक्षात आलं नाही. पाणी उतरल्यावर गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली की ओतीव लोखंडाचं फ्लायव्हील गंजतं आणि प्लेट त्याला चिकटते. मग पेडल दाबलं तरी गिअर पडत नाही. अशा गाडीला धक्के देऊन, गिअरमध्ये स्टार्टर मारून प्लेट सोडवायचा प्रयत्न होतो. कधी सुटते, कधी लाइनिंगचा तुकडा फ्लायव्हीलवरच राहतो. सुटली तरी रिलीज बेअरिंगमधलं ग्रीस धुवून गेलेलं असतं आणि स्प्लाइनवर, म्हणजे शाफ्टच्या ज्या दात्यांवर प्लेट सरकते त्यांवर, गंज असतो. पाण्यात बुडालेली जुनी गाडी विकत घेत असाल आणि तिला थरथर असेल, तर गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च किमतीतून वजा करून बोला. नरेंद्र नगरच्या भुयारी मार्गात चाकं बुडेपर्यंतच्या पाण्यातून गाडी काढली असेल, तर त्याच दिवशी थोडी चालवून, दोन-चारदा क्लच वापरून आतलं कोरडं होऊ द्या. तशीच उभी करून गावाला जाऊ नका.

गिअरबॉक्स खाली आल्यावर

आता तुम्ही स्वतः गॅरेजात हजर राहा. "उघडलं की बोलवा" एवढंच सांगा. जुने भाग बघितल्याशिवाय नवे कोणते घ्यायचे हे ठरत नाही.

प्लेट सारखी झिजली आहे की एका बाजूनं? रिव्हेटपर्यंत आली आहे का? कोरडी की तेलकट? डायफ्रामच्या बोटांच्या टोकांवर खड्डे पडलेत का, सगळी बोटं एका पातळीत आहेत का? रिलीज बेअरिंग हातात फिरवल्यावर खरखरतं का? क्लच फोर्कचा टेकू झिजलाय का? हा टेकू कोणी पाहत नाही, आणि तो झिजला की नवा सेट टाकूनही क्लच पूर्ण सुटत नाही. लाइनिंग सारखी झिजलेली, कोरडी, आणि गाडी ऐंशी हजार-लाख चाललेली असेल तर ती तिचं आयुष्य जगून गेली. वीस हजारांत निळीकाळी झाली असेल आणि तेल कुठेही नसेल, तर चालवणाऱ्याच्या डाव्या पायाकडे बघायला हवं. डबल डेकर पुलाच्या चढावर रांगेत हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय आपल्याकडे फार. हँडब्रेक त्याच कामासाठी दिलेला असतो.

फ्लायव्हील : मोजून ठरवा

"फ्लायव्हीलला काय होते बाप्पा, लोखंडच तर आहे." असं म्हणून ते तसंच ठेवलं की थरथर परत येते. नवी सपाट प्लेट जुन्या उंचसखल लोखंडावर बसली की ती एका जागी धरते आणि दुसऱ्या जागी सोडते.

आधी डोळ्यांनी पाहा. निळे-जांभळे गोल डाग म्हणजे तिथे लोखंड खूप तापून कडक झालंय. नखानं चर अडतोय का बघा. केसासारख्या बारीक रेषा वरवरच्या असतील तर ग्राइंडिंगमध्ये जातात. बोल्टच्या भोकापर्यंत किंवा कडेपर्यंत गेलेली चीर दिसली तर ते फ्लायव्हील भंगारात. इंजिनाच्या वेगात फुटलेलं फ्लायव्हील बेल हाउसिंग फोडून बाहेर येऊ शकतं, त्यात काटकसर नाही. रिंग गिअरचे दात खाल्लेले असतील, स्टार्टर मारताना कधीमधी नुसतं घरघरत असेल, तर तेही आत्ताच करून घ्या.

मग सरळपट्टी आणि फीलर गेजनं सपाटी, आणि इंजिनवर बसवल्यावर डायल गेजनं डगमग. ती किती चालते हा आकडा त्या इंजिनच्या मॅन्युअलचा असतो. ज्या गॅरेजात डायल गेज नाही त्यानं फ्लायव्हीलबद्दल "बरोबर आहे" म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

फेसिंग करायची असेल तर लेथवर टाकू नका, सरफेस ग्राइंडरवर करून घ्या. निळे डाग इतके कडक असतात की लेथचं टूल तिथे उडी मारतं, डाग उंच राहतो, आणि थरथर पुन्हा दारात. इंजिन रीबोरिंगची कामं करणाऱ्या वर्कशॉपकडे ग्राइंडर असतो. किती काढायचं? डाग आणि चर जाण्यापुरतंच, आणि कंपनीनं दिलेल्या किमान जाडीच्या आत नाही. काही फ्लायव्हीलला पायरी असते : प्लेट बसते ती जागा एका पातळीत, प्रेशर प्लेट बोल्ट होते ती दुसऱ्या. इथे एका पातळीतून जितकं काढलं तितकंच दुसरीतूनही काढावं लागतं, नाहीतर प्रेशर प्लेटचा दाब बदलतो आणि नवा सेट पहिल्या दिवसापासून घसरतो किंवा सुटत नाही. ग्राइंडरवाल्याला पायरी आधी दाखवा, त्यानं आकडा लिहून द्यायला हवा.

लहान पेट्रोल गाडीत नवं फ्लायव्हील आणि फेसिंग यांच्या खर्चात फार अंतर नसेल तर मी नवं घ्यायला सांगतो. मूळचं एकदा फेस झालेलं असेल तर नक्कीच.

ड्युअल मास फ्लायव्हील ही वेगळी जात. त्यात दोन चकत्या असतात आणि मध्ये स्प्रिंगा, ग्रीस. डिझेल इंजिनचे धक्के त्यात जिरतात. स्कोडा-फोक्सवॅगनच्या बऱ्याच टीडीआय गाड्यांत आणि मोठ्या डिझेल एसयूव्हींमध्ये ते असतं. दोन चकत्या एकमेकींवर किती फिरतात आणि किती डगमगतात हे कंपनीच्या मर्यादेशी जुळवून बघावं लागतं. ग्रीस बाहेर आलं असेल तर ते संपलं. खर्च पाच आकड्यांत जातो, म्हणून साधं फ्लायव्हील बसवायचं किट सुचवलं जातं. रोजच्या गाडीला मी ते सहसा सुचवत नाही : गिअरबॉक्सचा खडखडाट वाढतो, कमी आरपीएमला अंग थरथरतं, आणि ते धक्के आता क्रँक आणि गिअरबॉक्स सोसतात. गाडी दोन-तीन वर्षांत विकायची असेल आणि किट नावाजलेल्या कंपनीचं असेल तर विचार करता येईल. पण गाडी विकताना घेणाऱ्याला तसं सांगा.

सेट कोणता

तिन्ही भाग सोबत : प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. नुसती प्लेट टाकून पैसे वाचत नाहीत, कारण मजुरी तीच राहते आणि कमजोर डायफ्राम नव्या प्लेटला धरू शकत नाही. स्लेव्ह आत बसणारा असेल तर तोही, आणि क्रँकचं मागचं सील तर न विचारता. जुन्या प्लेटला नवी लाइनिंग मारून देणारे कारागीर ट्रकसाठी ठीक असतील. रोजच्या कारमध्ये तो प्रयोग करू नका.

पार्ट नंबर गाडीच्या नावावरून नाही, चासिस नंबरवरून काढा. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांत, पेट्रोल आणि डिझेलमध्ये, प्लेटचा व्यास किंवा स्प्लाइनचे दात वेगळे असू शकतात. दुकानात जुनी प्लेट घेऊन जा आणि नवीवर ठेवून व्यास बघा, दात मोजा. वॅलिओ, लुक, एक्सेडी या कंपन्या कार कंपन्यांनाही क्लच पुरवतात, त्यामुळे त्यांचा सेट घ्यायला हरकत नाही. भीती असते ती त्यांच्या नावाच्या नकली डब्याची. पार्ट नंबर डब्यावर आणि भागावर एकच आहे का, रिव्हेट सारखे बसलेत का, आणि पक्कं बिल मिळतंय का, हे बघा. दुकानदार बिलाचं नाव काढताच भाव बदलत असेल तर पुढच्या दुकानात जा.

हलकं फ्लायव्हील आणि सिरॅमिक क्लचची मागणी घेऊन तरुण पोरं येतात. रेसिंगसाठी ते बनलेत आणि तिथे चांगले आहेत. रोज सीताबर्डीतून ऑफिसला जाणाऱ्या गाडीत हलक्या फ्लायव्हीलमुळे इंजिन उचलताना पटकन बंद पडतं. मग तुम्ही जास्त आरपीएमवर हाफ क्लच धरता, आणि सिरॅमिक प्लेट हाफ क्लच सहन करत नाही, ती धरते नाहीतर सोडते. पेडल दुप्पट जड वाटतं ते वेगळंच. इंजिनची ताकद वाढवलेली नसेल तर कंपनीच्या मापाचाच सेट घ्या.

बसवताना काय मागायचं

नव्या प्रेशर प्लेटवर आणि फ्लायव्हीलवर गंज न लागण्यासाठी तेलाचा थर असतो. तो ब्रेक क्लीनरनं पुसलाच पाहिजे. प्लेटची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे, ते प्लेटवर लिहिलेलं असतं. स्प्लाइनवर ग्रीस अगदी पातळ; जास्त लावलं की ते फिरून लाइनिंगवर जातं. फ्लायव्हीलचे बोल्ट बऱ्याच गाड्यांत एकदाच वापरायचे असतात, आणि सगळे टॉर्क रेंचनं, समोरासमोरचे, थोडे-थोडे आवळायचे. गिअरबॉक्स वर चढवताना त्याचं वजन इनपुट शाफ्टवर लटकू द्यायचं नाही, नाहीतर प्लेटची चकती वाकते आणि नव्याकोऱ्या गाडीचा रिव्हर्स खरखरतो. यातलं काहीही मागितल्यावर मेकॅनिक चिडला, तर तो तुमचा मेकॅनिक नाही.

जुने भाग डिकीत टाकून मागा, बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. गाडी ताब्यात घेताना रिव्हर्सची पाच सेकंदांची चाचणी थंड इंजिनवर एकदा आणि अर्धा तास चालवून गरम झाल्यावर एकदा करा. पहिले चार-पाचशे किलोमीटर हळू चालवा; घाटात भरलेली गाडी, ओढणं, जोरात उचलणं नको, त्यामुळे चिखलदऱ्याचा बेत पुढच्या महिन्यावर. केबलची गाडी असेल तर त्यानंतर एकदा फ्री प्ले पुन्हा मोजून घ्या. नवी लाइनिंग बसताना तो थोडा हलतो, आणि तेवढ्या कामाचे कोणी पैसे घेऊ नयेत.